जेटीच्या खर्चाची माहिती ‘गोपनीय’ म्हणून नाकारता येते का?

प्रश्न होता : गावच्या जेटीवर किती खर्च झाला विचारलं, तर ‘किनारा सुरक्षेचा विषय, गोपनीय’ म्हणून परत पाठवलं. बरोबर आहे का?

नाही. नुसता लाल शिक्का मारला म्हणून कागद गुपित होत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा, शासकीय गुपितं कायदा १९२३ चा, म्हणजे साहेबाच्या काळातला. आणि दोघांत विरोध आला तर कलम २२ प्रमाणे माहिती अधिकार वरचढ. देशाच्या सुरक्षेला धोका असेल तर कलम ८ खाली नाकारता येतं, पण मग कारण लेखी द्यावं लागतं. सिमेंटच्या बिलात कसली आलीय सुरक्षा! खरंच काही नाजूक असेल तर कलम १० आहे : तेवढं झाकायचं, बाकीचं द्यायचं.

आमच्याकडे रत्नागिरी तालुक्यात मी असाच अर्ज केला होता, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. ३० दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील टाकलं, तेव्हा फाइल टेबलावर आली. आत काय, तर वाळू, खडी, डंपरच्या फेऱ्या. गुपित एवढंच की फेऱ्या जरा जास्तच होत्या.

मात्र गस्ती बोट कधी सुटते, कुठे वळते, हे ऑनलाइन ओळख झालेल्या कुणी गोड बोलून विचारलं तर सांगू नका. १९२३ चा कायदा तिथे खराच लागू होतो, आणि संरक्षणाशी संबंधित हेरगिरीला १४ वर्षांपर्यंत कैद आहे.