लेकीला आयटीआयला घालू की अकरावी सायन्सला?

पत्र (थोडक्यात): अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. मुलीला दहावीला ७६ टक्के पडले. बोअरची मोटर बिघडली की तीच खोलून बसते. ती म्हणते आयटीआय करते. माझे मोठे भाऊ म्हणतात, लातूरला ठेवून अकरावी-बारावी सायन्स करू, मग इंजिनिअरिंग. साडेचार लाख जमवलेत, कमी पडले तर कर्ज काढू. टीव्हीवर रोज ऐकतो की आपला देश तरुण आहे. मग आमच्या गावातली इंजिनिअर झालेली पोरं पोलीस भरतीच्या मैदानावर का पळतात?

उत्तर:

दादा, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. देश तरुण आहे हे खरंच आहे. निम्म्याहून जास्त लोक तिशीच्या आतले आहेत आणि २०२३ मध्ये लोकसंख्येत आपण चीनच्या पुढे गेलो. पण एवढ्यांना कामही लागतं. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत केंद्र सरकारनेच हिशेब मांडलाय, की २०३० पर्यंत शेतीबाहेर दरवर्षी सरासरी ७८.५ लाख रोजगार तयार व्हायला हवेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालातला आकडा तर तुमच्या गावाचंच चित्र आहे. २०२२ मध्ये तरुण पदवीधरांमध्ये बेकारी २९ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये साडेतीन टक्क्यांच्याही आत. म्हणून शिकूच नये असं नाही. न शिकलेल्याला रिकामं बसणं परवडत नाही, तो मिळेल ती मजुरी धरतो. पदवीधर मात्र घरच्यांच्या जिवावर वर्षानुवर्षं भरतीची तयारी करत राहतो.

त्या पोरांना नावं ठेवू नका. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तोच आकडा पुन्हा आला, म्हणजे मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत तो गाठला गेला नाही. सरकारने जे घातलं नाही ते घरच्यांना घालावं लागतं. तुमच्यासारखे बाप मोसंबीच्या पैशातून देशाची गुंतवणूक करताहेत, असं म्हटलं तरी चालेल. म्हणूनच ते साडेचार लाख कुठे जातात याला महत्त्व आहे. ज्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर धूळ बसलेली असते, तिथे कर्ज काढून पदवी घेण्याच्या मी साफ विरोधात आहे. ब्रोशरवर किती का पॅकेजेस छापलेली असेनात.

आता लेकीचं बोलू. मोटर खोलणारी मुलगी तुमच्या घरात आहे, ही साधी गोष्ट नाही. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या 'असर' पाहणीत १४ ते १८ वयाची जेमतेम ५.६ टक्के मुलं कुठलं तरी व्यवसाय प्रशिक्षण घेत होती. त्याच पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून जास्त मुलांना जमलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण फिटर असो की मशिनिस्ट, मोजमाप आणि गणित कच्चं असेल तर माणूस हेल्परच्या वर जात नाही. तिचं गणित कसं आहे, हे टक्क्यांवर जाऊ नका, समोर बसवून बघा.

माझं मत असं. पहिला प्रयत्न सरकारी पॉलिटेक्निकच्या पदविकेचा करा. दहावीनंतर तीन वर्षं, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल. तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश फेऱ्यांत सरकारी जागा मिळाली तर विचार करत बसू नका, घ्या. सोबत छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमची चौकशी करा. केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाची ही संस्था आहे आणि तिथे टूल अँड डाय मेकिंगची, म्हणजे कारखान्यातले साचे आणि हत्यारं बनवण्याची, पदविका असते. वाळूज-शेंद्र्याचे कारखाने जवळ असल्याचा फायदा अशा ठिकाणी मिळतो.

दोन्हीकडे जमलं नाही तर सरकारी आयटीआय. तिथे मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. दोन वर्षांचाच ट्रेड घ्या: इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट. कारखान्यात प्रत्यक्ष प्रशिक्षण देणारी दुहेरी पद्धतीची तुकडी असेल तर ती आधी. मग कंपनीत अप्रेंटिसशिप. १९६१ च्या कायद्यामुळे तिथे विद्यावेतन द्यावंच लागतं. भावांना हेही सांगा, की दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे त्यांची इंजिनिअरिंगची हौस या वाटेनेही पुरी होऊ शकते, फक्त तोवर मुलीच्या हातात काम आलेलं असेल. आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप फेऱ्यांतून) व्यावसायिक पदवीला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मग कर्ज कशासाठी?

'तीन महिन्यांत सर्टिफिकेट' देणाऱ्या केंद्रांपासून मात्र लांब राहा. कामावर घेणारा सुपरवायझर कागद बघत नाही, व्हर्निअर हातात देऊन माप काढायला सांगतो.

साडेचार लाखांतला मोठा भाग मोडूच नका. होस्टेल आणि मेस, ड्रॉइंग शिकताना एक बरा लॅपटॉप, आणि इंग्रजी-गणिताची शिकवणी, एवढ्यावर खर्च करा. मुलगी शहरात एकटी राहणार हीच घरच्यांची खरी धास्ती असेल, तर आईला घेऊन होस्टेल प्रत्यक्ष बघून या. लातूरला ठेवलं असतं तरी ती घरापासून लांबच राहिली असती. जर्मनीच्या नोकऱ्यांचंही कुणीतरी सांगेल. राज्य सरकारने २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळासाठी करार केलाय, हे खरं आहे. पण त्या वाटेला जर्मन भाषा आणि पक्का ट्रेड दोन्ही लागतं, आणि एजंटला आगाऊ पैसे देऊन यातलं काहीच मिळत नाही.

या आठवड्यात एकच काम करा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आणि लागू असेल तर जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर, यांचे अर्ज सेतू केंद्रात टाका. प्रवेश सुरू झाले की तिथे रांगा लागतात आणि एका दाखल्यापायी हातची जागा जाते. फॉर्ममधला पसंतीक्रम मात्र तिलाच भरू द्या, तुम्ही शेजारी बसा.