गोळी कुटू नका, आधी रक्त तपासा

प्रश्न : ताई, मी 38 वर्षांची आहे. बायपोलरसाठी (कधी टोकाची उदासी, कधी उन्माद) नऊ वर्षं लिथियम एसआर 400 सकाळ-रात्र एकेक घेते. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी आहे. पाच आठवड्यांपूर्वी वजनासाठी गॅस्ट्रिक बायपास झाली, 13 किलो उतरले. गोळी गिळताना अडकते म्हणून सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून ताकातून घेते. चार दिवस जुलाब होताहेत आणि हात इतके थरथरतात की चहाचा कप बशीवर वाजतो. मानसोपचारतज्ज्ञांची तारीख पुढच्या महिन्यात आहे. सासूबाई म्हणतात, वजन गेलं, आता डोक्याच्या गोळ्या कशाला?

उत्तर : पुढच्या महिन्याची तारीख विसरा, आजच फोन लावा. फोन लागला नाही तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या कॅज्युअल्टीत जा. तुमची थरथर अशक्तपणाची नसावी, रक्तात लिथियम वाढल्याची वाटते. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचा डोस घेऊ नका. तोल जाणं, जीभ जड होणं, गुंगी यातलं काही दिसलं तर फोनचीही वाट पाहू नका.

एसआर गोळी औषध तासन्‌तास थोडं थोडं सोडते. कुटली की सगळे 400 मिलिग्रॅम एकदम सुटतात. त्यात मूत्रपिंडाला लिथियम मिठासारखंच वाटतं. शरीरात पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि सोबत लिथियमही. तुमचं पाणी आता घोटाघोटानं, वर जुलाब. शिवाय बीपीच्या गोळीतली दोन्ही औषधं लिथियम बाहेर पडू देत नाहीत. ऑपरेशनआधी हे गणित जमलेलं होतं, आता मोडलं. वजन उतरल्यावर बीपीही उतरतं, त्यामुळे ती गोळी हवी का, हे फिजिशियनना आजच विचारा.

लिथियमबरोबर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं), सोडियम, पोटॅशियमही तपासा. एरवी नमुना शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी घेतात, पण आज तास मोजत बसू नका. फक्त डोस किती वाजता घेतला ते लिहून द्या. आणखी एक : हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांत लिथियम हेपरिन असतं, त्यात रक्त घेतलं तर आकडा खोटाच फुगतो. लाल झाकणाची नळी मागा. लिथियमचा आकडा साधारण 0.6 ते 1.0 ठीक, 1.5 च्या वर धोका. मात्र लक्षणं असतील तर कमी आकड्यावरही निर्धास्त राहू नये.

पुढे साधी, एसआर नसलेली गोळी चालेल का, हे मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. बायपासनंतर पहिले सहा आठवडे दर आठवड्याला पातळी बघावी लागते, मग सहा महिन्यांपर्यंत पंधरवड्याला. तुमची आजवर झालेली दिसत नाही, आणि ही चूक तुमची नाही. एकादशी, नवरात्राचे उपास तूर्त नकोत, मीठही मनानं तोडू नका. गुडघा दुखला तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अजिबात नको : लिथियम वाढतं आणि बायपासच्या जोडावर अल्सरही होतो. पॅरासिटामॉल चालतं.

इतर वाचकांसाठी : सगळीच औषधं वाढत नाहीत. बायपासनंतर उदासीवरची सर्ट्रालिन, ड्युलोक्सेटिन रक्तात कमी पडू शकतात आणि उदासी परतते. लुरासिडोन हे मानसिक आजारावरचं औषध निदान 350 कॅलरींच्या जेवणाबरोबर घ्यावं लागतं. दोन चमचे मऊ भात खाणाऱ्याला ते कुठून जमणार? थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तास ठेवा. गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, दुसरा उपाय विचारा.

सासूबाईंना सांगा, हा आजार चरबीत नव्हता. आजचा डोस थांबवायचा तो रक्त तपासेपर्यंत. लिथियम मनानंच कायमचं सोडलं तर उन्माद उलटून येतो. रात्री-अपरात्री मन बिथरलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं.

जाताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घ्या आणि ‘कुटून घेते’ हे स्वतःहून सांगा. प्रिस्क्रिप्शनवर ते कुणाला दिसत नाही.