जीर्णोद्धार, रवा आणि ते ‘पुनर्संचयित’ प्रकरण

प्रश्न असा आहे: जुन्या अभिजात चित्रपटांच्या साफसूफ करून काढलेल्या डीव्हीडी, ब्लू-रे आवृत्त्यांना ‘रिस्टोर्ड’ या अर्थी ‘पुनर्संचयित’ म्हणावं का? त्यांच्या चित्रात बारीक ठिपक्यांसारखा दिसतो त्या ‘ग्रेन’ला मराठीत काय म्हणायचं? आणि ‘प्रतीचा दर्जा’ ही द्विरुक्ती आहे का, कारण प्रत म्हणजेच दर्जा ना?

‘पुनर्संचयित’ आधी निकालात काढतो, कारण तो कानावर पडला की माझं डोकं फिरतं. संगणकाच्या मेनूंमध्ये तो कुणीतरी घुसवला आणि आता चित्रपटांच्या बोकांडी बसलाय. एक तर संधी चूक. ‘पुनर्’मधला र् पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन असेल तरच टिकतो: पुनरागमन, पुनर्जन्म, पुनर्विवाह. पुढे स आला की विसर्ग होतो: पुनःस्थापना. अंतःकरणाला ‘अंतर्करण’ म्हणणारा अजून भेटलेला नाही, मग ‘पुनर्’लाच ही सूट कशासाठी? बरं, संधी सुधारून ‘पुनःसंचयित’ केलं तरी अर्थाचं काय? संचय म्हणजे साठा. धरणात पाण्याचा पुनःसंचय होईल. चित्रपटाचा कसा व्हायचा?

‘पुनरुज्जीवन’ही नको. हरवलेला मानला गेलेला चित्रपट कुठल्या तरी तळघरात सापडला, तर त्याला तो शब्द शोभतो. इथे चित्रपट जिवंतच असतो, फक्त झिजलेला असतो.

झिजलेल्या गोष्टीला सावरण्यासाठी आपल्याकडे जीर्णोद्धार हा घडीव शब्द तयार आहे. ‘तो देवळांचा शब्द आहे’ असं म्हणून परिभाषा घडवणारी मंडळी नाक मुरडतात. विहिरींचा जीर्णोद्धार होतो, तळ्यांचा होतो, मग फिल्मचा व्हायला काय हरकत आहे? आणि देवळांचाच म्हणत असाल तर अग्निपुराण उघडा. त्यात जीर्णोद्धारावर स्वतंत्र अध्याय आहे. जुनी मूर्ती ज्या मापाची आणि ज्या द्रव्याची होती, त्याच मापाची आणि त्याच द्रव्याची नवी बसवावी, असं तिथे सांगितलंय. जुन्या चित्रपटांची १.३७:१ (रुंदी:उंची) मापाची चौकट वरून-खालून कापून १६:९च्या पडद्यात कोंबणाऱ्यांना एवढं जरी वाचून दाखवलं तरी पुष्कळ झालं.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो तिकडे वळतो.

जीर्ण हा ‘जॄ’ धातूपासून आला. जरा, जर्जर ही त्याचीच भावंडं. आपलं ‘जिरणं’ही तिथलंच, म्हणून पचलेलं अन्नही संस्कृतात जीर्ण आणि न पचलेलं अजीर्ण. ग्रीकमध्ये म्हाताऱ्याला ‘गेरोन’ म्हणतात, तो आपल्या ‘जरत्’चा सख्खा भाऊ. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या सगळ्यांच्या समाईक मूळ भाषेतला ग् संस्कृतात बऱ्याच ठिकाणी ज् होऊन येतो: लॅटिन ‘गेनु’ म्हणजे गुडघा, तो आपला जानु, लॅटिन ‘गेनुस’, आपला जन. मग या हिशेबाने ‘जीर्ण’चा लॅटिन जोडीदार कोण? ग्रानुम! ग्रानुम म्हणजे दाणा, आणि त्याचाच फ्रेंचमार्गे आलेला वंशज म्हणजे ‘ग्रेन’. धातू तोच आणि प्रत्ययही तोच, ‘-न’. पिकणं हा मूळ अर्थ. पिकून तयार झालं ते एका भाषेत धान्याचा दाणा ठरलं, पिकून पार उतरलं ते दुसरीत जीर्ण ठरलं. मराठीत आपण ‘पिकलं पान’ म्हणतो तेव्हा हे दोन्ही अर्थ एकाच श्वासात घेतो. इंग्रजीतला ‘कॉर्न’ही याच घरचा. ग्रॅनाइट म्हणजे दाणेदार दगड, तोही. ग्रेनेड डाळिंबावरून, आणि डाळिंब दाण्यांवरून.

ग्रानुमला या धातूपासून वेगळं काढू पाहणारे अभ्यासक आहेत. पिकणं आणि झिजणं यांचा संबंध त्यांना दूरचा वाटतो. त्यांनी एकदा शेतात जाऊन उभं राहावं. पीक पिवळं पडतं तेव्हा रोप म्हातारं होत असतं आणि दाणा भरत असतो, दोन्ही एकाच दिवशी.

तेव्हा लक्षात घ्या: फिल्ममधला ग्रेन आणि जीर्णोद्धारातला जीर्ण एकाच मुळाचे आहेत. ‘जीर्णोद्धार असा केलाय की ग्रेन नावाला उरला नाही’ अशी तारीफ मी वाचतो तेव्हा चरफडतो तो नुसता व्युत्पत्तीच्या हट्टापायी नव्हे. फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या क्षारांच्या कणांवर. प्रकाश पडलेल्या कणांची धुलाईत (डेव्हलपिंगमध्ये) काळी चांदी होते, आणि त्या काळ्या ठिपक्यांच्या दाटी-विरळीलाच आपण चेहरा, आभाळ, साडीचा पोत म्हणतो. चित्रावर बसलेली ती धूळ नव्हे, ते चित्रच आहे. ग्रेन पुसणारं सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या फ्रेम ताडून पाहतं आणि जे दर फ्रेमला बदलतं त्याला कचरा समजतं. ग्रेन दर फ्रेमला बदलतो, पण पावसाची झिमझिमही बदलते, हलणाऱ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही बदलतात. मग सगळंच पुसलं जातं आणि नटमंडळी मेणाच्या बाहुल्यांसारखी दिसू लागतात. वर कडा उठाव दाखवायला कृत्रिमरीत्या ठळक केल्या की माणसांभोवती पांढुरकी किनार उमटते ती वेगळीच.

तर ग्रेनला शब्द. ‘कण’ फार मोघम आहे, धुळीचाही कण असतो. ‘दाणा’ चालला असता, पण पडद्यावर दाणे दिसतात म्हटलं की पुरळ उठल्यासारखं वाटतं. माझा शब्द रवा. सोनाराकडे सोन्याचा रवा असतो, इथे चांदीचा आहे. शिवाय त्याला ‘रवाळ’ हे तयार विशेषण आहे, आणि ते कौतुकाचं आहे! मराठी माणूस रवाळ म्हणतो तेव्हा तक्रार करत नसतो. इंग्रजीतलं ‘ग्रेनी’ अर्धवट शिवीसारखं वापरतात, तो दोष आपल्याकडे आयताच टळतो. चॅनेल नसलेल्या टीव्हीवर दिसतात त्या मुंग्या. रवा आणि मुंग्या हा फरक करणारी भाषा असताना दोन्हीला ‘नॉइज’ म्हणणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं.

रंगीत फिल्ममध्ये चांदी नसते, असा मुद्दा कुणी काढेल. असते, पण धुलाईत ती काढून टाकतात आणि तिच्या जागी रंगाचे बारीक ढग उरतात. रवा गेला तरी रव्याची जागा गेली नाही. शब्द तोच ठेवा.

‘उद्धार’बद्दलही एक. उद् आणि हृ, म्हणजे वर ओढून काढणं. अवतरण ‘उद्धृत’ करतो तेही मजकुरातून वर काढणंच. ‘पथेर पांचाली’च्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा ठरला. त्याची मूळ निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली पहिली फिल्म, १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळली. तिचे कडा जळालेले, आक्रसलेले तुकडे जपून ठेवले गेले, आणि पुढे इटलीतल्या बोलोन्यात त्यांतलं वापरण्याजोगं ते हातांनी सांधून घेतलं. उरलेल्या जागा दुसऱ्या साधनांवरून भरल्या. २०१५ मध्ये ती आवृत्ती लोकांसमोर आली. हा उद्धार. मराठीत मात्र ‘सात पिढ्यांचा उद्धार’ही होतो, आणि फिल्मच्या प्रतींनाही पिढ्या असतात: निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह, तिच्यावरून थिएटरची प्रिंट. दर पिढीला बारकावे थोडे विरतात आणि नवा रवा चढतो. चौथ्या-पाचव्या पिढीची प्रिंट स्कॅन करून वर ‘४के’चा शिक्का मारणारे नेमका कोणता उद्धार करतात ते तुम्हीच ठरवा.

आवाजाला जीर्णोद्धार हा शब्द चालतो. फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीवर ओरखडे पडले की टकटक होते आणि पट्टीची स्वतःची अशी एक सततची खरखर असते. टकटक काढावी. खरखर मुळासकट उपटली की तिच्यासोबत श, स, च यांची धार जाते आणि संवाद उशीत तोंड खुपसून म्हटल्यासारखे येतात. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ने चालवून काढलेल्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडींवर १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत उरकतो आणि आवाजाची पट्टी साधारण पाऊण स्वराने चढते (अर्धस्वरांच्या मोजणीत पाऊण, संगीतवाल्यांनी अंगावर येऊ नये). त्याला जीर्णोद्धार म्हणू नका, घाई म्हणा.

राहिली तुमची ‘प्रत’. ती संस्कृत ‘प्रति’वरून आली आणि मराठीत तिचे दोन अर्थ झाले: नक्कल, आणि दर्जा. ‘प्रतीचा दर्जा’मध्ये पहिला अर्थ आहे, द्विरुक्ती नाही. ‘उत्तम प्रतीची प्रत’ असंही लिहिता येईल, व्याकरण काही म्हणणार नाही. ‘मूळ प्रत’ हा प्रयोग मात्र चित्रपटांच्या बाबतीत टाळा, त्यातून काहीच कळत नाही. बारकावे निगेटिव्हमध्ये सगळ्यात जास्त असतात, म्हणून स्कॅन तिचं करतात. पण चित्र किती उजळ ठेवायचं आणि रंग कुठे झुकवायचे हे प्रिंट काढताना ठरतं, ते निगेटिव्हमध्ये दिसत नाही. त्यासाठी त्या काळची चांगली टिकलेली प्रिंट शेजारी ठेवून ताडावं लागतं. म्हणून लिहिताना ‘मूळ निगेटिव्हवरून’ किंवा ‘प्रदर्शनाच्या वेळच्या प्रिंटवरून’ यांपैकी जे असेल ते लिहा, आणि दोन्ही असेल तर दोन्ही लिहा.