कागदी कताना (जपानी तलवार): बाक आधीच कापायचा

पात्यासाठी सरळ पट्टी कापून मग वाकवायला जाऊ नकोस, हमखास सुरकुती पडते. कार्डशीटचे ५-६ तुकडे बाकासकटच काप, खळ पातळ लाव आणि वजनाखाली रात्रभर वाळू दे. खऱ्या कतानाचा बाक मात्र बराचसा पाणी देताना, म्हणजे तापवलेलं पातं पाण्यात बुडवताना येतो. पाठीवर मातीचा जाड लेप, धारेवर पातळ. धार झटकन थंड होऊन कडक होते, किंचित फुगते आणि पातं पाठीकडे वळतं. किती सुंदर आहे हे! कडक-मऊ भागांच्या सीमेवर दिसणारी धूसर नक्षी म्हणजे हामोन. ती पेन्सिलीने काढून बोटाने पुसट कर, स्केचपेन नकोच. मूठ चिकटवू नकोस. खरी मूठ बांबूच्या खुंटीने, मेकुगीने, अडकवतात. तू टूथपिक आरपार घाल, पातं सुटं करता येईल.