धमाका होतो, पण डेटोनेशन नाही: अडचण नळीच्या व्यासात आहे

तुम्ही पल्स डेटोनेशन इंजिन (लागोपाठ स्फोटलाटांच्या धक्क्यांवर चालणारं) २० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला २० वेळा, चालवू पाहताय; पण डेटोनेशन, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी स्फोटलाट, घडत नाही. तुमची मांडणी अशी आहे: ५० मिमी आतील व्यासाची दीड मीटर नळी, प्रोपेन-हवा मिश्रण, स्पार्क प्लग आणि ६ मिमी तारेचं श्चेल्किन वेटोळं (ज्वाळेला वेग देण्यासाठी नळीत बसवलेली तारेची गुंडाळी). आवाज जोरदार, पण दाब ५-६ बारवर अडकतो. जास्त ताकदीची इग्निशन कॉइल लावून यात फरक पडणार नाही.

वातावरणाच्या दाबाला प्रोपेन-हवेच्या डेटोनेशनची पेशी (लाट पुढे जाताना उमटणाऱ्या खवल्यांसारख्या नक्षीतला एक घटक) साधारण ५० मिमी रुंद असते. आधीच तयार झालेली लाट गुळगुळीत नळीत याहून बरीच कमी जागा असली तरी टिकते. ज्वाळेपासून लाट घडवायची असेल, तर मात्र अडथळ्यांमधला मोकळा व्यास निदान एका पेशीएवढा हवा. तुमची तार सुमारे ४२ टक्के क्षेत्र अडवते, ते बरोबरच आहे; पण मोकळा व्यास उरतो ३८ मिमी. तिथेच सगळं अडतं.

मी आधी इंधन बदलेन. इथिलीन-हवेची पेशी २०-२५ मिमीची, म्हणजे हीच नळी चालेल. प्रोपेनच हवा असेल तर ८० मिमी नळी आणि १० मिमी तार घ्या. वेटोळ्याचा आटा (दोन वळणांमधलं अंतर) नळीच्या व्यासाएवढा ठेवा.

नुसत्या दाबावर विश्वास ठेवू नका, वेग मोजा. नळीच्या शेवटी, वेटोळं संपल्यावर, एकमेकांपासून २०० मिमी अंतरावर दोन पिझो सेन्सर (दाब टिपणारे) बसवा आणि निदान १ मेगाहर्ट्झने नोंद घ्या. प्रोपेनचं खरं डेटोनेशन सुमारे १८०० मी/से वेगाने जातं, म्हणजे दोन्ही सेन्सरच्या वेळांतला फरक ११० मायक्रोसेकंदांच्या आसपास यायला हवा. २०० च्या पुढे आला तर ती फक्त वेगवान ज्वाळा. सेन्सरच्या तोंडावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या, नाहीतर उष्णतेने आलेख खाली सरकतो.

२० हर्ट्झचा विचार त्यानंतर. आवर्तन ५० मिलिसेकंदांचं. लाटेला त्यातला जेमतेम एक लागतो, बाकी वेळ भरणं, निचरा आणि हवेने धुणं यात जातो. भरायला एक तृतीयांश वेळ दिला, तरी दीड मीटर नळीत मिश्रण ९० मी/से वेगाने यायला हवं. छोट्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला हे झेपत नाही. जानेवारी २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावीत अशाच इंजिनावर उडालेल्या लाँग-ईझी या छोट्या विमानाच्या चार नळ्यांवर म्हणूनच मोटारीच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह होते. धुणं कमी पडलं की उरलेला गरम वायू नवं मिश्रण व्हॉल्व्हपाशीच पेटवतो, म्हणून इंधनाच्या लाइनवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाळा मागे जाऊ न देणारा) हवाच, आणि स्पार्क भिंतीपलीकडूनच द्या. वेटोळ्याला थंडावा नसेल तर तापलेली तारही हेच करते; सुरुवातीच्या चाचण्या १० सेकंदांत थांबवा.