सिग्नलला उभी गाडी रेस का घेते? : गाडीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार काका. माझ्याकडे 2004 ची पेट्रोल गाडी आहे, मागाहून मिक्सरवाला सीएनजी किट बसवलाय. रोज नेरूळहून वागळे इस्टेटला जाते. गणपतीनंतर असं सुरू झालंय की इंजिन पूर्ण गरम झालं तरी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 1400 च्या खाली येतच नाही, ऐरोलीला ट्रॅफिकमध्ये क्लच दाबला की कधी कधी 1800 ला जाऊन अडकतो आणि गाडी जागेवर ओरडत राहते. गॅसवर आणि पेट्रोलवर, दोन्हीकडे तसंच. गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी साफ केली, आयडल मोटर नवीन टाकली, मग स्क्रू फिरवून रेस कमी करून दिली, दोन दिवस बरी होती, परत तेच. आता म्हणतात ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेलाय, सेकंडहँड बघू. काय करू?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: ताई, ईसीयूला अजून हो म्हणू नका. आणि बाकीचं वाचायच्या आधी ब्रेक तपासा, आजच. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधून जातं, तो पाइप फाटला असेल तर रेस पण चढते आणि ब्रेक पण दगडासारखा लागतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की तसंच दाबून धरा आणि स्टार्टर मारा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी बाहेर काढू नका, मेकॅनिकला बिल्डिंगखाली बोलवा.

आता तुमचा प्रश्न. पेट्रोल इंजिन किती फिरणार ते हवेवर ठरतं. पाय काढला की हवेच्या वाटेतली थ्रॉटलची प्लेट बंद होते आणि इंजिन चालू राहण्यापुरती हवा आयडल मोटरच्या छोट्या वाटेने आत जाते, गरम इंजिन तेवढ्यावर साधारण 750 ते 900 वर राहतं. तुमचं 1400 वर थांबतंय म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा आत शिरतेय. गॅस आणि पेट्रोल दोन्हीवर तेच होतं हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण त्यामुळे इंजेक्टर, पेट्रोल पंप, गॅसचा दाब कमी करणारा रिड्युसर यांच्यावरचा संशय जवळजवळ गेला. दोन्हीकडे सामाईक उरते ती हवा, आणि इंजिन किती गरम झालंय ते सांगणारा सेन्सर.

त्या स्क्रूबद्दल मात्र मला खरंच वाईट वाटतं. तो रेस सेट करायचा स्क्रू नाहीच, प्लेट कुठे टेकून थांबायची त्याचा तो आधार आहे आणि कंपनीतून सेट होऊन येतो. बाहेर काढला की प्लेट भोकात घासून अडकायला लागते, आत घेतला तर प्लेट उघडी राहते, थ्रॉटल सेन्सरला वाटतं पाय अजून पेडलवर आहे आणि मग ईसीयू आयडल सांभाळायला येतच नाही. म्हणजे मूळ फॉल्ट एक होता, आता दोन झाले असतील. आधी तो स्क्रू जागेवर आणून घ्या, प्लेट न अडकता जेमतेम टेकेल इतपत, आणि सेन्सरचं व्होल्टेज तुमच्या मॉडेलच्या आकड्याला जुळवून घ्या. अॅक्सिलरेटरच्या केबलला थोडी ढिलाई हवी, ताणलेली नको. 1800 ला अडकते तेव्हा गाडी न्यूट्रलला उभी असताना पेडल पायाने वर उचलून बघा, तेवढ्याने रेस उतरली तर केबल सुकलीय किंवा प्लेटच अडकतेय.

यानंतरची टेस्ट फुकटची आहे आणि तीच सगळ्यात जास्त सांगते. इंजिन गरम, चालू, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एअर फिल्टरकडून येणारा मोठा पाइप थ्रॉटल बॉडीवरून काढायचा, आत प्लेटच्या अलीकडे बहुतेक जुन्या गाड्यांना एक लहान भोक दिसतं, आयडल मोटरची हवा तिथून जाते. ते बोटाने बंद करायचं, कापड लावू नका, आत ओढलं जाईल, आणि ओढणी-केस पंख्या-बेल्टपासून लांब ठेवा. हे पेट्रोलवर करा, कारण पाइप काढल्यावर हवेत गॅस मिसळणाऱ्या मिक्सरचा हिशोब बिघडतो. इंजिन एकदम बसलं, बंद पडायला आलं, तर जास्तीची हवा त्याच वाटेने जात होती, मग मोटर अडकलीय किंवा ईसीयूच तिला उघडी ठेवतोय. काहीच फरक नाही पडला तर हवा भलतीकडून शिरतेय.

माझा अंदाज या दुसऱ्या बाजूला आहे. एक तर वीस वर्षांचं रबर, हातात घेतलं की पापडासारखं मोडतं. दुसरं, पावसात उंदीर बॉनेटखाली कोरड्यात येऊन बसतात आणि पाइप कुरतडतात, नेरूळ-वाशीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये हे मी इतक्यांदा पाहिलंय की गणपतीनंतर सुरू झालं म्हटल्यावर पहिलं तेच डोक्यात आलं. तिसरं, गॅसवर कधी फट्ट करून बॅकफायर झाला होता का आठवा, त्या धक्क्याने मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा एखादा पाइप उडालेला असतो. शोधायचं असं: पेट्रोल पाइपचा हातभर तुकडा एका टोकाने कानाशी धरा आणि दुसरं टोक पाइपांच्या जोडांवर, मॅनिफोल्डच्या कडेने, बूस्टरच्या आणि पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ परत आत ओढणारा व्हॉल्व्ह) पाइपाखालून फिरवा, सूऽऽ असा आवाज आला की जागा मिळाली. नाहीतर स्प्रे बाटलीत साबणाचं पाणी घेऊन मारा, जिथे मारल्यावर रेस क्षणभर बदलते तिथेच लीक. बरेच मेकॅनिक कार्बोरेटर क्लीनर मारतात, तो पेटतो, तापलेल्या सायलेन्सरजवळ आणि गॅसच्या गाडीत तर मुळीच मारू देऊ नका. फाटलेला पाइप मिळाला की त्याजागी नवीन व्हॅक्यूमचाच घ्या, साधा पाण्याचा रबरी पाइप आतून चपटा होतो.

बोटाच्या टेस्टमध्ये इंजिन बसलं तर मोटर तुमची नवीनच आहे, त्यामुळे कूलंट सेन्सर, म्हणजे इंजिन किती गरम ते सांगणारा, तो बघायचा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी पुरेसं आहे ना पाहा, पाणी कमी असेल तर सेन्सरभोवती हवा अडकते आणि ईसीयूला इंजिन थंडच वाटतं. बहुतेक सेन्सरचा रेझिस्टन्स 20 अंशाला 2 ते 3 किलोओहम असतो आणि 80 अंशाला 300 ओहमच्या आसपास उतरतो, साध्या मीटरवर कळतं. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, आहे का विचारा! आपल्याकडे गरमी आहे, लागत नाही म्हणून तो काढून टाकायची पद्धत आहे, मग सकाळी पाम बीचवर मोकळं चालवताना काटा वर चढतच नाही आणि ईसीयू थंड इंजिनासारखी जास्त हवा-पेट्रोल देत राहतो. शेवटच्या पीयूसीचा कागद काढा, त्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त दिसला तर संशय इकडे वळवा.

एवढं सगळं स्वच्छ निघालं तरच ईसीयूचं बोलणं काढा.

प्रश्न: काका, नवीन बॅटरी टाकल्यापासून गाडी 1100 वर उभी राहते, आधी 800 ला असायची. बिघाड आहे का?
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर: बहुतेक नाही. बॅटरी काढली की ईसीयूने शिकलेलं आयडल पुसलं जातं. एसी, लाइट, टेप सगळं बंद करून स्टार्ट करा, अॅक्सिलरेटरला पाय लावू नका, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत तशीच चालू ठेवा, मग एसी लावून अजून पाच मिनिटं. पार्किंग बंदिस्त असेल तर हे बाहेर उघड्यावर करा, धूर कोंडतो. काही मॉडेलना मात्र हे स्कॅनर लावूनच शिकवावं लागतं. चार-पाच दिवस चालवूनही 1100 च राहिला तर बॅटरी बसवताना शेजारचा एखादा व्हॅक्यूम पाइप निसटलाय का ते बघा.