आंबोलीतले बेडूक: तीन रात्रींत काय हाती लागेल?

जुलैअखेर तीन रात्री आंबोलीत राहायचं, ओढ्याकाठचे बेडूक मोजायचे आणि त्यावरून तिथल्या उभयचरांची यादी करायची, असा तुमचा बेत आहे. जरूर जा. फक्त त्या यादीला 'आंबोलीचे उभयचर' म्हणू नका. ती त्या तीन रात्रींची आणि त्या एका ओढ्याची यादी असेल.

आंबोली टोडचंच घ्या. २००९ साली नव्याने वर्णन झालेली ही जात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पहिल्या पावसाने साचलेल्या उथळ डबक्यांत अंडी घालते. ते मोजके दिवस हुकले की एरवी तो दिसणं नशिबावर. झुडपातले इवले बेडूक तर अंडी पाण्यात घालतच नाहीत. बेडूकमाशाची अवस्था गाळून अंड्यातून थेट पिल्लू बाहेर पडतं. नुसता ओढा धुंडाळलात तर हे सगळे निसटतील. आणि देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर? ते मातीतच राहतं. दगड, कुजकी लाकडं उचलून बघावी लागतात आणि होती तशी परत ठेवावी लागतात, कारण ते कुणाचं तरी घर असतं.

म्हणून तीन रात्री तीन जागी वाटा: ओढा, जंगलातली पायवाट, सडा. प्रत्येक ठिकाणी सारखाच वेळ, तितकीच माणसं. दोघांनी तासभर शोधलं तर दोन मनुष्यतास, हे वहीत हवंच. त्याशिवाय दोन जागांची तुलना करता येत नाही. काहीच सापडलं नाही तर तेही लिहा. मी पहिली दोन वर्षं रिकाम्या रात्री लिहिल्याच नाहीत. त्या नोंदी आज तुलनेला घेता येत नाहीत, याची फार हळहळ वाटते.

प्रत्येक थांब्यावर आधी बॅटऱ्या विझवून पाच मिनिटं ऐका, मोबाइलवर रेकॉर्ड करा. दाट झाडीत डोळ्यांना एक बेडूक दिसतो तेव्हा कानाला दहा कळतात. नर जातीनुसार वेगळा ओरडतो, त्यामुळे नंतर जाणकारांकडून ओळख पटवून घेता येते. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर फेसाची घरटी दिसली तर तीही मोजा. मलबारी उडत्या बेडकाची असू शकतात.

वनखात्याची परवानगी आधी काढा. बेडूक हातात धरू नका, डास पळवायचं मलम लावलेल्या हाताने तर मुळीच नाही. त्यांची त्वचा सगळं शोषून घेते. बूट दुसऱ्या जंगलातून आले असतील तर धुऊन, जंतुनाशक लावून, वाळवूनच न्या, कारण बेडकांना मारणारी बुरशी चिखलातूनही पसरते.

आणि जमलं तर पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या सरींना सड्यावर या.